दगडावरचा बाण

दीपेश विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेला. वडील गेल्यावर त्यांच्या सांडोरच्या वाडीत यायचा तो फक्त केळी न्यायला. शेजारच्या वाडीतला चुलतभाऊ कल्पेश एकदा खुणा वाचणारा बाबा घेऊन आला. बाबाने दोन्ही वाड्यांच्या कडेच्या दगडावर कोरलेला बाण चाचपला, समोरच्या चिंचेवरची खाच पाहिली आणि म्हणाला, "पोर्तुगीजांचं सोनं आहे. दगडाखाली, नाहीतर चिंचेच्या मुळाशी."

दोघा भावांनी मिळून दगड उपटून फोडला, चिंच पाडली. खाली नुसती माती निघाली.

आठवड्याने कल्पेशने जमिनीची सरकारी मोजणी आणली. मोजणीवाल्या साहेबांनी विचारलं, "वाटणीच्या वेळची हद्दीची खूण कुठे आहे?"

दीपेशने कल्पेशकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या तळहातावरचे फोड अजून सुकले नव्हते.

"खूण कधी नव्हतीच, साहेब," कल्पेश दीपेशच्या वाडीतल्या विहिरीकडे बोट दाखवत म्हणाला. "त्या विहिरीपर्यंत आमचंच आहे."