आठवा मंगळवार

“सांगू नका, मॅडम,” शालू सिस्टर दार लोटून घेत म्हणाली. “आजच्या दिवस गप राहा. येवढा फोटो निघू द्या, मंग सांगत बसा काय सांगायचं ते.”

माहेनूर जागच्या जागी दोनदा फिरली. अमरावतीच्या दवाखान्यातली ती खोली येरझारा घालायलाही पुरत नव्हती. एक खाट, सोनोग्राफीचं मशीन आणि माहेनूरची फेलोशिप, एवढंच तीत कसंबसं मावत होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत रक्तवाहिन्या कशा वाढतात, कुठे नाजूक राहतात, हे ती पाहत होती. पंचवीस बाळं, प्रत्येकाचे आठ मंगळवार. चोवीस बाळांचं काम झालं होतं. पंचविसाव्याचा आज आठवा मंगळवार. शुक्रवारी अहवाल पूर्ण गेला तर फेलोशिपचं दुसरं वर्ष. नाहीतर अकोल्याला घरी, अम्मीसमोर आणि अम्मीने निवडून ठेवलेल्या तीन स्थळांसमोर.

हे बाळ नांदगाव खंडेश्वरचं. त्याला आणायची ती आजी, कौशल्याबाई. इतरांना फोन करकरून माहेनूरचा घसा बसायचा. ही आजी मात्र बस चुको की ऊन तापो, दहाच्या ठोक्याला हजर. का, ते आज शालूच्या कानावर आलं होतं.

“बाहेर बायांले सांगून राहिली होती,” शालूने हसू दाबलं, “का या डाक्टरबाई टाळू भरून देतात. मशीनवालं थंडगार तेल लावतात म्हने.”

टाळूतून आतलं दिसतं, म्हणून तिथे जेल लावायची. ते तेल नव्हतं आणि औषध तर नव्हतंच. माहेनूरची कानशिलं तापली. सात मंगळवार एक म्हातारी औषधाच्या आशेने येत होती, आणि आपण कौतुकाने तिच्या नावापुढे खुणा करत होतो! तिने जेलची बाटली उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. खरं सांगितलं आणि आजी उठून गेली तर?

कौशल्याबाई आत आल्या आणि बाळाचं टोपडं सोडू लागल्या.

“आजी, थांबा.” माहेनूर एका दमात बोलली. “हे औषध नाही. यानं टाळू भरत नाही. बाळाला यातून काही मिळत नाही. मी नुसती पाहते, शिकते, पुढच्या बाळांसाठी. तुम्हाला जायचं असेल तर जा.”

शालूने कपाळाला हात लावला.

कौशल्याबाईंनी बाळ हळूच खाटेवर ठेवलं. “टाळू तं मी घरी रोज भरतो, बाई. तेल कोनतं न् हे कोनतं, येवढं समजते मले.”

“मग बाहेर तसं काहून सांगता?” माहेनूरने विचारलं.

“मंग काय सांगू? डोक्यातलं रक्त पाहून राहिले म्हनू? याच्या आंधीचं लेकरू त्यानंच गेलं आमचं.” त्यांनी तळव्याने बाळाचं डोकं सरळ केलं. “याची माय दर मंगळवारी फाटकापाशी डबा घेऊन बसते. आत यायची तिची हिंमत नाई. मी बाहेर जाऊन ‘बरं हाये’ म्हनून मान हालवली, का मंगच डबा उघडते. पाहा लवकर, सकाळपासून उपाशी हाये पोरगी.”