माटोळीचं फळ

चवथीच्या आदल्या दिवशी सासरे स्टुलावर चढून गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधत होते आणि एकेक रानफळ मागत होते. "आंबाडे दी गो." धाकट्या जावेची चार वर्षांची सेजल ढिगातून नेमके तेच उचलून द्यायची. "कवंडळ." तेही दिलं. अंगणवाडीच्या बाईंनी मुलांना रानात नेऊन ओळखायला शिकवलं म्हणे. तिथं पाठवते म्हणून मीच जावेला हसले होते. माझा साईश पेडण्याच्या फीवाल्या नर्सरीत व्हॅननं जातो. तो नुसताच उभा. मी मुद्दाम एक अनोळखी फळ सेजलपुढे धरलं. "ह्याचं नाव सांग बघू?" ती अडकावी, एवढंच हवं होतं. "माका खबर ना, काकी. चल, बाईंक इचारूया." मी जागची हलले नाही. साईश दाराशी धावला. रोज मी त्याला घालून देते ते बूट त्यानं घातले, उलटे, पण आपले आपण.