डोळा मिचकावणारं बदक

धाकट्या मुलाचं वागणं मालकीणबाईंच्या डोक्यात गेलं होतं. इथे धंद्यावर नांगर फिरायची वेळ आली आणि हा कस्टमच्या गोदामात भिंतीला पाठ लावून ढिम्म उभा!

"तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का? बोल की साहेबांशी!"

"आई, घरी जाऊ या. आपण काय सिद्ध करणार?"

"घरी जाऊन काय करू? भट्टीत मांजर झोपवू?"

बाईंचा पितळी मुठींचा कारखाना. दाराला लावायची, बदकाच्या डोक्यामानेसारखी मूठ ही त्यांची खासियत. आता तसल्याच मुठी शेजारच्या देशातून येऊन इथे पडल्या होत्या. दोन देशांत करार झालेला, तिथे बनलेल्या मालाला आयातशुल्कात सवलत. पेट्या अजून बंद होत्या, पण नुसता भाव ऐकूनच दुकानदारांनी बाईंकडची मागणी थांबवली होती. सवलत मंजूर झाली, की कारखान्याला कुलूप.

"माल तिथला नाहीच," बाई साहेबांवर गरजल्या. "कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून आणून तिथे नुसता पेटीत भरलाय. असा साचा घडवणारा हात आहे कुणाचा तिथे? माझ्या नवऱ्याने जन्मात दोन केले."

"दोन?"

"पहिला बिघडला. छिन्नी घसरली न् बदकाने डोळा मिचकावला. त्यातली एकही मूठ बाजारात जाऊ दिली नाही त्यांनी. ते गेल्यावर मी तो माळ्यावर जपला होता. छपराच्या दुरुस्तीत भंगारवाल्याने उचलला म्हणे." बाईंनी धाकट्याकडे बोट केलं. "तेव्हा ह्याने लक्ष द्यायचं, तर ह्याची त्याच शेजारच्या देशातल्या प्रदर्शनाची घाई! नमुन्यांची पेटी एवढी जड, की हमाल कण्हत होता. आणि आणली का एक तरी ऑर्डर?"

माल मागवणारा व्यापारी मवाळपणे म्हणाला, "मावशी, माल तिथेच ओतलाय. मी कारखाना डोळ्यांनी पाहिलाय."

"मावशी म्हणू नकोस. माझ्या बहिणीला असली मुलं नाहीत."

"पेटी उघडा," साहेब वैतागून म्हणाले.

"आई, चल ना," धाकटा पुटपुटला. त्याची कॉलर घामाने भिजली होती.

फळी उचकटली गेली. बाईंनी एक मूठ उचलली, उजेडात धरली, अंगठ्याने चाचपली. मग दुसरी. मग आणखी एक. ही शेवटची त्यांनी हातातच ठेवली.

"साहेब, माझा हरकतीचा अर्ज फाडून टाका. माल तिथलाच आहे. द्या ह्यांना सवलत."

व्यापारी आ वासून बघत राहिला. बाई धाकट्याकडे गेल्या आणि त्याच्या तळहातावर ती मूठ ठेवली. त्याही बदकाचा डावा डोळा मिचकावलेला होता.

"भंगारवाल्याने काहीच नेलं नाही रे," त्या म्हणाल्या. "भंगार तर अजून माझ्यासमोर उभं आहे."