गोड ऐकवणारं यंत्र

आई बॅगेत स्वेटर कोंबत होती. “कौस्तुभ मला चार दिवस हवापालटाला नेतोय गं,” ती खुशीत म्हणाली.

शाल्मली भावावर उसळली. “तिला कायमची वृद्धाश्रमात टाकतोयस, हे सांगितलंस का?”

“स्पष्ट सांगितलं. तिच्या यंत्राने भलतंच ऐकवलं, त्याला मी काय करू? तुझंच यंत्र ना ते?”

खरंच होतं. घराघरांतल्या अवघड बोलण्यांचा शाल्मलीने वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. त्यातूनच बहिऱ्या आईच्या कानातलं हे यंत्र झालं होतं. जिव्हारी लागणारं प्रत्येक वाक्य ते मऊ करून ऐकवायचं.

“आई, हा तुला परत आणणार नाहीये!” ती किंचाळली.

“हो गं, जपून राहीन,” आई हसली.

शाल्मलीने ते यंत्र आईच्या कानातून उपटलं आणि फरशीवर आपटलं. “नालायका, हिंमत असेल तर आता सांग!”

आईला आता काहीच ऐकू येत नव्हतं. तिने लेकीचा लालबुंद चेहरा पाहिला, मग मुलाची खाली गेलेली मान. तिने बॅग बाजूला सारली.

“कौस्तुभ, वर बघ,” ती म्हणाली. “काल काय सांगितलंस, ते पुन्हा बोल. मी तुझ्या तोंडाकडे बघते.”