ताटाखालचं नाव

इंदिरानगरच्या कार्यालयात रुखवत मांडलं होतं. टेबलक्लॉथवर मोहिनीने साखळी टाक्याने नवरदेवाचं नाव भरलं होतं, 'अमित'. त्याला लागूनच आईने चकल्यांचं ताट ठेवलं होतं, मुद्दाम. आधीचा साखरपुडा मोडला तेव्हा मोहिनीने दोऱ्याचं शेवटचं टोक ओढून याच कापडावरचं 'चंद्रशेखर' सरसर उसवलं होतं. पण नवं नाव आखूड पडलं आणि पुढच्या अक्षरांची भोकं तशीच उघडी राहिली. मुलाकडच्यांना त्या साखरपुड्याचा पत्ताच नव्हता.

मुलाची आत्या आली. "भरतकाम उलटं करून बघावं बाई," म्हणत तिने ताट उचललंच. कापड उलटं केलं. भोकांवरून बोट फिरवत शेवटच्या अक्षरापर्यंत गेली.

"नाव बरंच मोठं होतं गं."

आईने मोहिनीचा हात घट्ट धरला.

आत्याने कापड सरळ केलं, ताट होतं तिथेच ठेवलं आणि ती मोहिनीच्या कानाशी वाकली.

"ओलं फडकं टाकून इस्त्री फिरव, भोकं बुजतात. माझ्या रुखवतातली मी तशीच बुजवली."