जन्मतारीख एक जून

“त्या पियुषला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या तुम्हीच का?”

येरवड्याच्या सुधारगृहातला शनिवारचा वर्ग आटोपून निकिता बाहेर पडत होती. फाटकाजवळच्या बाकावर पन्नाशीची एक बाई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी.

“हो. आपण?”

“मी मुक्ताई. चैतालीची आई. लोणी काळभोरची हाय.”

चैताली कोण, हे निकिताला ठाऊक नव्हतं. खराडीतल्या तिच्या कंपनीनं मुलांना शिकवायला माणसं पाठवायची ठरवली, तेव्हा इथल्या अधीक्षकांनी एकच अट घातली होती. कुठला मुलगा कशापायी आत आलाय, हे विचारायचं नाही. तिनं ती वर्षभर पाळली होती.

“हुशार हाय म्हणं.”

“खूप. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसतोय. पुढं डिप्लोमा करील.” निकिताच्या आवाजात नकळत अभिमान आला.

“माझी चैताली नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला व्हती. तिला विहिरीत ढकलली त्यानं.”

निकिता तिच्याशेजारी बाकावर बसली.

“कोर्टात लग्नाची नोटीस दिली व्हती तिनं. जावई चांगला मिळाला असता, दवाखान्यातच कामाला व्हता. ह्याला ते खपलं न्हाई.”

एकतर्फी प्रेम, निकिताच्या मनात आलं. पेपरात रोज येतं तसलं. तिला पियुषचा राग आला. मग न विचारता हे कानावर घालणाऱ्या बाईचाही आला, आणि तो लवकर जाईना.

“त्याला पश्चात्ताप झालाय,” ती म्हणाली.

“तुम्हाला सांगितलं त्यानं?”

“वर्गात दिसतं ते.”

“त्याचा बाप अन् चुलते दर महिन्याला गाडी काढून येतात. साहेबांपुढं हात जोडतात. सगळं गाव मला म्हणतंय, गेलेली काय परत यायची न्हाई, आता पोराचं वाटोळं करू नको. माझ्या पोरीसाठी एकानं तोंड उघडलं न्हाई.”

तिनं पिशवीतून एक कागद काढला.

“ग्रामपंचायतीचा उतारा हाय. त्याचा जन्म जानेवारीतला. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लावली, सगळ्यांचीच लावायचे. पोरीला मारली मे महिन्यात, म्हणून अठराच्या आतला ठरला. तीन आठवड्यांनी वाचला बघा! हा कागद बाल न्याय मंडळापुढं ठेवणार मी. मोठ्या कोर्टात उभा राहू दे. खडी फोडू दे पलीकडच्या तुरुंगात.”

“मला नाही बघायचा.” निकितानं कागद परत सारला. “उतारे काय, हवे तसे मिळतात. अहो, एक मुलगा इथं माणसात येतोय आणि तुम्ही त्याला पुन्हा खड्ड्यात घालायला निघालात?”

“माणसात येतोय? अन् माझी पोर मातीत गेली, ती?”

“तुमचं दुःख कळतं मला. पण हा सूड आहे, आणि मंडळालाही तो दिसेल. त्याच्या बाजूनं शाळेचा दाखला आहे, घरची माणसं आहेत. तुमच्या बाजूनं कोण आहे?”

“कोण न्हाई. मी एकटी.”

“मग तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?” निकिताचा आवाज इतका चढला की फाटकावरचा शिपाई वळून बघू लागला. “जानेवारी म्हणे! तो जन्मला तेव्हा तुम्ही काय तिथं होतात?”

मुक्ताईनं पदर सारखा केला.

“व्हते की. कळा मलाच येत व्हत्या.”