मालकांचा राग

हिलारस या गुलामाला गाढवाच्या जागी जुंपायला पिठाच्या जात्यावर पाठवण्यात आलं. पण तसं काही झालंच नाही असं समजू या. त्याचे रोमन मालक व्हिबियस यांच्या स्वयंपाकघरात अजून सगळे हसताहेत.

हात पुसायचं फडकं मालकांच्या टोग्यासारखं खांद्यावर टाकून हिलारस त्यांच्या प्रवचनाची नक्कल करत होता. "रागात माणसाचं जनावर होतं, मुलांनो," असं म्हणून त्याने पोट खाजवलं, थेट मालकांसारखं. मग एकाएकी कुणी हसेना. दारात मालक उभे होते.

ते लालबुंद झाले. "मी रागात कुणाला शिक्षा करत नाही," एवढंच म्हणाले. "शांत झालो की बघू."

इतरांचे मालक मुस्काटात मारून मोकळे व्हायचे. हे आधी शांत व्हायचे, मग विचार करायचे. मागचा आचारी त्यांनी असाच, नीट विचार करून, जात्यावर धाडला होता.

"मग त्यांना शांतच होऊ द्यायचं नाही," क्रेस्टे म्हणाली. ती स्वयंपाकीण आणि हिलारसची बायको. गुलामांचं लग्न कायदा मानत नाही, ती मानायची.

घर कामाला लागलं. क्रेस्टेने मसुराच्या आमटीत मूठभर मीठ जास्त टाकलं. न्हाव्याने अर्धी दाढी करून वस्तरा हरवला. दारवान येईल त्याला सांगू लागला, मालक संडासात आहेत, वेळ लागेल. मालक थरथरत होते, पण रागात असल्यामुळे कुणाला हात लावता येत नव्हता. सगळं घर गुन्हेगार झालं आणि सगळं घर सुखरूप राहिलं.

"हे पुरणार किती दिवस?" न्हाव्याने विचारलं.

"ते मरेपर्यंत पुरलं म्हणजे झालं," हिलारस म्हणाला.

मग शेजारचा रुबेलियस जेवायला आला. त्याने आमटीचा घोट कसाबसा गिळला, यजमानाच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं.

"कमाल आहे बाबा तुझी, व्हिबियस. मी एकेकाला सोलून काढलं असतं. तुझ्याइतका शांत माणूस या गावात नाही."

मालकांच्या कपाळावरची फुगलेली शीर बसू लागली. हिलारसने ते पाहिलं आणि हातातलं वाडगं पाहुण्याच्या मांडीवर उपडं केलं. उशीर झाला होता. मालक हसले.

"असू दे, बाळ. उद्यापासून तू जात्यावर. हे मी रागाने बोलत नाहीये हं." मग ते लोडाला टेकले. "क्रेस्टेचंही बघायला हवं. सावकाश."

सकाळी जातेवाल्याचा माणूस दोरी घेऊन आला. हिलारस घरच्या देवांच्या कोनाड्यापुढे उभा राहिला आणि कचेरीत बोलतात तसा बोलला:

"सविनय सादर. अर्जदाराचं स्वतःसाठी काही मागणं नाही. परंतु क्रेस्टे हिच्याबाबतचा निर्णय प्रलंबित असल्याने, मालकांना तात्काळ संताप यावा आणि तो पुढील आदेशापर्यंत कायम ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती."